नर्सिंगचं काम आणि मनाची तब्येत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टर आणि ब्रदर, त्यांच्या इन-चार्ज आणि कधीकधी त्यांच्या घरची माणसं विचारतात. काहींना दोन ओळी पुरतात, काहींना पुरत नाहीत, म्हणून उत्तरं लहानमोठी आहेत.

‘व्यावसायिक जीवनमान’ म्हणजे पगार, सुट्ट्या, क्वार्टर असंच ना?

तेही त्यात येतं, पण कडेकडेने. दुसऱ्याला मदत करण्याचा व्यवसाय असलेल्या माणसाला त्या कामातून काय मिळतं आणि त्याच कामापायी काय सोसावं लागतं, याचा तो हिशेब आहे. मिळतं त्या बाजूला करुणा-समाधान म्हणतात. कुणालाच न सापडणारी शीर पहिल्या टोचणीत सापडते, आठवडाभर न बोललेले आजोबा ‘सिस्टर, आज तुमची ड्युटी का?’ असं विचारतात, तेव्हा जे वाटतं ते. सोसावं लागतं त्या बाजूला करुणा-थकवा. त्यात पुन्हा दोन धागे आहेत: बर्नआउट आणि दुय्यम आघाताचा ताण.

या तिन्ही गोष्टी एकत्र मोजणारी ‘प्रोक्वॉल’ ही प्रश्नावली बेथ हडनॉल स्टॅम यांनी तयार केली. नर्सेसच्या मानसिक आरोग्यावरचे अभ्यास वाचायला घेतलेत तर हे नाव सारखं भेटेल.

बर्नआउट आणि दुय्यम आघात यांत फरक काय? दोन्हीत माणूस थकतोच की.

थकतो, पण वेगवेगळ्या वाटेने, आणि उपाय त्या वाटेप्रमाणे बदलतो.

बर्नआउट हळूहळू येतं. या अर्थाने हा शब्द हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी 1974 मध्ये वापरला. पुढे 1981 मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी ते मोजायची पद्धत मांडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी 2022 पासून लागू झालं, बर्नआउटची नोंद आहे. मात्र तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने होणारी ती अवस्था आहे. तिच्या तीन खुणा दिल्या आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. ‘कामाच्या ठिकाणचा’ हे शब्द व्याख्येतच आहेत, याकडे मेट्रन मंडळींनी जरूर लक्ष द्यावं.

दुय्यम आघात एका रात्रीतही होऊ शकतो. वेदना दुसऱ्याची असते, पण ती जवळून पाहिल्याने, ऐकल्याने तुमच्या आत उतरते. समजा, आपल्या लेकीच्या वयाच्या मुलीला एका सिस्टरने चाळीस मिनिटं सीपीआर दिला, म्हणजे छाती दाबून हृदय चालू करायची धडपड केली, आणि मुलगी गेली. पंधरा दिवसांनी घरी लेकीची वेणी घालताना तिचा हात थांबतो. मॉनिटरसारखा कुठलाही आवाज आला की छातीत धडधडतं. त्या बेडजवळून जायची वेळ आली की ती लांबचा वळसा घेते. तिला कामाचा कंटाळा आलेला नाही. एक प्रसंग तिच्या अंगावर राहिला आहे. नर्सिंगच्या संदर्भात ‘करुणा-थकवा’ हा शब्द कार्ला जॉइन्सन यांनी 1992 मध्ये आणला आणि चार्ल्स फिगली यांनी 1995 मध्ये तो आघाताच्या अभ्यासाशी जोडला.

व्यवहारात फरक इथे पडतो: बर्नआउटला रजा, रोस्टर, रुग्णांची संख्या आणि कामावरचा अधिकार यांनी उतार पडतो. दुय्यम आघाताला नुसती रजा पुरत नाही. उलट, ड्युटीच्या धावपळीत दबलेलं सगळं रजेच्या दुसऱ्या दिवशी वर येतं आणि ‘सुट्टीवर आले तर आणखीच बिघडलं’ असं वाटतं. नको असताना पुन्हा पुन्हा दिसणारी दृश्यं, दचकणं, टाळाटाळ हे महिन्याच्या पुढे टिकलं तर आघातावर काम करणाऱ्या मानसतज्ज्ञाकडे जायलाच हवं.

हा नोकरीचा वीट आहे की नैराश्य, हे कसं ओळखू?

स्वतःला एक विचारा: ड्युटी नसलेल्या दिवशी काय होतं? बर्नआउटची मुळं कामात असतात, त्यामुळे निदान सुरुवातीला तरी सुट्टीत, मित्रमैत्रिणींत, आवडत्या गोष्टीत जीव रमतो. नैराश्य सुट्टी पाळत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस, दिवसाचा बराच वेळ मन उदास राहत असेल, कशातच रस नसेल, झोप-भूक बिघडली असेल, स्वतःला दोष देणं थांबत नसेल, तर ‘नर्सिंगच असं आहे’ म्हणून सोडून देऊ नका. पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची चाचणी तुमच्यापैकी अनेकांनी रुग्णांकडून भरून घेतली असेल. तीच स्वतः भरा. 27 पैकी 10 किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांना भेटा. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरजेची वाट पाहू नका.

बर्नआउट अंगावर काढता काढता नैराश्यात उतरतं, असंही होतं. दोन्ही एकदम असणाऱ्यांची संख्या कमी नाही.

प्रोक्वॉल भरली. बर्नआउटचे 38 आले. काळजी करू का?

आधी बेरीज तपासा, कारण गडबड बहुतेक वेळा तिथेच असते. पाचव्या आवृत्तीत 30 विधानं आहेत, प्रत्येक भागाला 10. गेल्या 30 दिवसांत असं किती वेळा वाटलं, यावर 1 ते 5 गुण. म्हणजे प्रत्येक भागाची बेरीज 10 ते 50 मध्ये येते. पण 1, 4, 15, 17 आणि 29 ही पाच विधानं बर्नआउटच्या भागात चांगल्या अर्थाची आहेत. ती उलटी मोजायची: 5 चा 1, 4 चा 2, 3 तसाच. हे राहिलं की आनंदी माणसाचंही बर्नआउट फुगलेलं दिसतं.

तिन्ही भागांसाठी ढोबळ पट्टे सारखे आहेत: 22 पर्यंत कमी, 23 ते 41 मध्यम, 42 आणि पुढे जास्त. तेव्हा 38 मध्यमच, पण वरच्या टोकाला. एकटा हा आकडा फारसं सांगत नाही. करुणा-समाधान 44 असेल तर चित्र वेगळं, 20 असेल तर अगदी वेगळं. सर्वात सावध राहायचं ते बर्नआउट आणि दुय्यम आघात दोन्ही वर, समाधान खाली, अशा जुळणीत. तिथे कामातून उभारी येणं बंद झालेलं असतं आणि आघात मात्र चालूच असतो.

ही प्रश्नावली निदान करत नाही. आणि सलग नाइट संपवून सकाळी साडेआठला भरलेल्या प्रश्नावलीवर माझा तरी विश्वास नाही. दोन रात्री नीट झोपून भरा, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरा, आणि कल कुठे आहे ते पाहा.

रुग्णालय ही प्रश्नावली सगळ्यांकडून नावानिशी भरून घेणार असेल तर उत्तरं खोटी येतील, हे गृहीत धरा.

मला काम मनापासून आवडतं. तरी मी पार रिकामी झाले आहे. दोन्ही खरं कसं?

खरंच आहे. समाधान आणि थकवा एकाच तराजूची दोन पारडी नाहीत, की एक वर गेलं म्हणजे दुसरं खाली. ज्यांचा जीव कामात जास्त गुंततो त्यांनाच ते जास्त लागतं, असंही अनेकदा दिसतं. म्हणून ‘एवढं आवडतं तर तक्रार कसली?’ या प्रश्नाला काही अर्थ नाही. धोका एवढाच की, आवड असलेली माणसं उशिरा मदत मागतात.

रुग्ण गेला आणि मला काहीच वाटलं नाही. मी निर्ढावले का?

बहुतेक करून नाही. मृत्यू झाल्यावर नर्सच्या वाट्याला काय येतं ते बघा: लाइन्स म्हणजे शरीरातल्या नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, हात सरळ करायचे, टॅग बांधायचा, नातेवाईकांना आत घ्यायचं, कागद पुरे करायचे. आणि तेवढ्यात कॅज्युअल्टीतून फोन येतो, ‘बेड झाला का रिकामा?’ अर्ध्या-पाऊण तासात त्याच गादीवर नवी चादर आणि नवा माणूस असतो. त्याला बीपी घेताना तुमचा हसरा चेहरा हवा असतो. अशा वेळी मन बधिर होणं ही तात्पुरती सोय आहे.

सोय कायमची झाली तर मात्र प्रश्न येतो. इसाबेल मेन्झीस या मनोविश्लेषक बाईंनी लंडनच्या एका रुग्णालयातल्या नर्सिंग सेवेचा अभ्यास करून 1960 च्या सुमारास तो प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की कामाची सगळी रचनाच मन गुंतू नये अशी बेतलेली होती. एकीने सगळ्यांचं तापमान घ्यायचं, दुसरीने सगळ्यांची औषधं द्यायची, रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी ‘दहा नंबरचं लिव्हर’ असा करायचा. एवढं करून नर्सेसच्या मनातली धास्ती कमी झाली का? नाही. उलट कामातून मिळणारं समाधान तेवढं गेलं आणि शिकाऊ मुली मोठ्या संख्येने सोडून जात राहिल्या. आजच्या हँडओव्हरमध्ये ‘चार नंबर नील बाय माउथ (तोंडाने काही द्यायचं नाही), सहा नंबर डिस्चार्ज’ एवढंच ऐकू येत असेल, तर तो अभ्यास जुना झाला आहे असं म्हणवत नाही.

घरीही काही वाटेनासं झालं, मुलांच्या रडण्याने, कुणाच्या आनंदानेही हलायला होत नाही, तर ते बधिरपण वॉर्डाबाहेर आलं आहे. तिथे मदत घ्या.

रुग्णासाठी योग्य काय ते कळत होतं, पण करता आलं नाही. तो सल जात नाही.

याला नैतिक क्लेश म्हणतात. अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये नर्सिंगच्याच संदर्भात त्याची मांडणी केली. वाचणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलेल्या रुग्णाला रोज पहाटे टोचायचं. वेदनेचं औषध वाढवून मिळावं म्हणून तीनदा फोन करायचा आणि ‘राउंडला बघू’ ऐकायचं. नाइटला एकटी असताना दोन बेल एकदम वाजल्या म्हणून एकीकडे न जायचं. डॉक्टर ऑर्डर लिहून जातात, ती अमलात आणणारा हात नर्सचा असतो.

असा प्रसंग सरला तरी सगळं जात नाही, काही मागे उरतं आणि पुढच्या प्रसंगात त्यावर भर पडते. म्हणून एखाद्या क्षुल्लक गोष्टीवर कुणी सीनियर सिस्टर ताडकन भडकते, तेव्हा ती त्या गोष्टीवर भडकलेली नसते.

ध्यानधारणेने हा सल जात नाही, कारण तक्रार रास्त आहे. बोलायला अधिकृत जागा मिळाली तर तो कमी होतो: राउंडमध्ये नर्सचं मत विचारणं, अवघड केसवर नैतिकता समितीकडे थेट जाता येणं. बोस्टनमध्ये 1995 साली स्थापन झालेल्या श्वार्ट्झ सेंटरच्या बैठका आता बऱ्याच देशांत होतात. त्यात डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय एकत्र बसतात, आणि उपचार बरोबर होता की चूक यावर न जाता ‘त्या रुग्णाचं करताना मला काय झालं’ एवढ्यावरच बोलतात.

नाइटचा मनावर खरंच एवढा परिणाम होतो?

होतो. 1997 च्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसलं की सलग 17 तास जागं राहिल्यावर माणसाचा हात-डोळ्यांचा ताळमेळ रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखा मंदावतो. नाइटच्या दिवशी सकाळी सातला उठलेली आणि दुपारी न झोपलेली सिस्टर मध्यरात्रीच त्या टप्प्याला पोचते, आणि पहाटेची औषधं अजून बाकी असतात.

करण्यासारखं: पहिल्या नाइटआधी दुपारी झोपा. चहा-कॉफी ड्युटीच्या पहिल्या अर्ध्या भागातच, कारण कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. ब्रेकमध्ये 20 ते 30 मिनिटांची डुलकी हा आळस समजू नये. घरी जाताना काळा गॉगल लावा, आणि डोळे मिटत असतील तर गाडी स्वतः चालवू नका. रोस्टर लावणाऱ्यांनी मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट असा पुढे सरकणारा क्रम ठेवावा. उलटा क्रम शरीराला जड जातो. इव्हिनिंग संपवून दुसऱ्या दिवशी मॉर्निंग, ही तर झोपेची चोरीच.

माझ्या हातून औषधाची चूक झाली. रुग्ण ठीक आहे, पण मला झोप येत नाही.

चूक होते तेव्हा रुग्णापाठोपाठ ती करणाराही जखमी होतो, हे अल्बर्ट वू यांनी 2000 मध्ये लिहिलं आणि ‘दुसरा बळी’ हा शब्द रूढ झाला. रुग्ण सुरक्षित आहे हे पाहून घटना नियमाप्रमाणे नोंदवा. लपवलेली चूक जास्त छळते. मग ज्याच्यावर विश्वास आहे अशा एका सहकाऱ्याला त्याच दिवशी सांगा. सारख्या दिसणाऱ्या दोन व्हायल शेजारी ठेवल्या होत्या, मध्येच तीनदा कुणी हाक मारली, बारा रुग्णांना एकटी होते, हे सगळं अहवालात यायला हवं. त्याला सबब म्हणू नये. पुढची चूक त्यानेच टळते.

योग, ध्यान, ‘स्वतःची काळजी घ्या’ याचा उपयोग होतो का?

थोडा होतो, आणि जेवढा होतो तेवढा घ्यावा. श्वासाचे व्यायाम, चालणं, झोप, घरचं माणूस, कामाशी संबंध नसलेला एखादा छंद यांनी ताण सोसायची ताकद वाढते. अडचण ही की, बहुतेक कार्यशाळा इथेच संपतात. दोघींचं काम करणाऱ्या नर्सला तिच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ‘तणावमुक्ती’च्या व्याख्यानाला बोलावतात, आणि सहीसाठी रजिस्टर फिरवतात!

लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा 2002 चा अभ्यास इथे पुढे ठेवावा लागतो. पेनसिल्व्हेनियातली 168 रुग्णालयं आणि दहा हजारांहून अधिक नर्सेस त्यात होत्या. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांत 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी, नर्सला बर्नआउट होण्याची 23 टक्क्यांनी आणि नोकरीबद्दल असमाधानाची 15 टक्क्यांनी वाढलेली दिसली. म्हणजे नर्सचं मन आणि रुग्णाचा जीव एकाच आकड्याला बांधलेले आहेत. कॅलिफोर्नियाने 1999 मध्ये रुग्णांमागे किमान किती नर्सेस हव्यात याच्या प्रमाणाचा कायदा केला आणि 2004 पासून तो अमलात आला. आयसीयूत एका नर्सकडे दोनच रुग्ण. पुढे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि क्वीन्सलँड या राज्यांनीही कायद्याची वाट धरली.

जगभरात नर्सेसचा तुटवडा आहे हे खरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालात तो सुमारे 58 लाखांचा धरला आहे. पण आहेत त्या नर्सेस सोडून जाणार नाहीत हे पाहणं हा त्यावरचा सर्वात स्वस्त उपाय आहे, आणि तो सोडून बाकी सगळं बोललं जातं.

नातेवाईक अंगावर येतात. हे कामाचा भाग म्हणून सोसायचं का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 8 ते 38 टक्के आरोग्यसेवकांना कधी ना कधी शारीरिक हिंसा सोसावी लागते. शिवीगाळ आणि धमक्या त्याहून किती तरी जास्त. प्रत्येक प्रसंग लेखी कळवा, ‘फक्त बोलले’ असला तरी. नोंद नसली की सुरक्षारक्षकही मिळत नाही.

मी इन-चार्ज आहे. पगार-भरती माझ्या हातात नाही. मी काय करू?

जेवणाचा ब्रेक खरा द्या: त्या वेळी तिचे रुग्ण कुणाकडे, हे बोर्डावर लिहा. रोस्टर महिनाभर आधी लावा आणि अदलाबदलीत सर्वांना एकच नियम ठेवा. पक्षपातासारखं वॉर्डाला दुसरं काही पोखरत नाही.

मृत्यूनंतर मिनिटभर थांबा. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जोनाथन बार्टेल्स या ब्रदरने ही पद्धत सुरू केली: जो गेला त्याच्यासाठी आणि ज्यांनी धडपड केली त्यांच्यासाठी, बेडभोवती सगळ्यांनी शांत उभं राहायचं. खर्च शून्य.

एक करू नका. भयंकर प्रसंगानंतर सगळ्यांना गोल बसवून ‘काय पाहिलंत ते तपशीलवार सांगा’ असं सक्तीने बोलायला लावू नका. अशा एका बैठकीने पुढचा आघातविकार टळत नाही, काहींना त्रासच होतो, असं अभ्यास सांगतात. पाणी द्या, घरी कशी जाणार ते विचारा, दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करा, आणि महिनाभर लक्ष ठेवा.

ब्रदरनाही हे होतं?

होतं. ते कमी बोलतात, आणि दांडगा रुग्ण धरायला, अंगावर येणाऱ्या जमावापुढे उभं राहायला त्यांनाच पुढे करतात.

मरावंसं वाटतं. कुणाला सांगू?

आज, आत्ता, एका माणसाला सांगा, आणि मानसोपचारतज्ज्ञ किंवा जवळच्या रुग्णालयाची तातडीची सेवा गाठा. एकटे राहू नका. औषधांच्या कपाटाची किल्ली आणि घरातली औषधं काही दिवस दुसऱ्याकडे द्या. सहकाऱ्याबद्दल शंका असेल तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही.

समुपदेशकाकडे गेले तर ऑफिसला कळेल?

बाहेरच्या तज्ज्ञाकडे गोपनीयता हा व्यवसायाचा नियम आहे. अपवाद मुख्यतः जिवाला धोका असतानाचा. रुग्णालयाने नेमलेला समुपदेशक असेल तर पहिल्याच भेटीत विचारा की नोंदी कुठे राहतात आणि कोण पाहतं. गोलमोल उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

नोकरी सोडू का?

नाइटच्या आठवड्यात आणि वाईट मृत्यूनंतरच्या आठवड्यात हे ठरवू नका. नंतर स्वतःला विचारा: मला नर्सिंग नको झालंय, हे रुग्णालय नको झालंय, की हा वॉर्ड? तिघांची उत्तरं वेगळी असतात आणि बऱ्याचदा शेवटचं निघतं. आयसीयूत कोळपलेली माणसं डायलिसिसला, ओपीडीला, शिकवण्याच्या कामाला गेल्यावर पुन्हा रुळलेली दिसतात. रुग्णालयच नको असेल, म्हणजे तक्रार केली की त्रास, रजा मागितली की टोमणे, तर सोडणं हा पळपुटेपणा नाही. दुसरी जागा हातात घेऊन सोडा. आधी बदली मागायची असेल तर अर्ज लेखी द्या, कारण म्हणून ‘प्रकृती’ एवढा एक शब्द पुरे, आणि पोच घ्यायला विसरू नका.